करोडगिरी नाक्याच्या शेंदरी पायऱ्या

ताडकळस,
५ फेब्रुवारी १९८७

सुलाआक्का,

लांबूनच पाया पडतो. जवळ येऊन पडायची हिंमत नाही. पत्र लिहायचं मी इतकं पुढं ढकललं की तुझी दोन्ही कार्डं उशाखाली चपटी झाली. त्यात माझा गुन्हा थोडाच आहे. तू मला संग्रहालयासाठी मासेमारीचं जाळं आणायला येलदरीला धाडलंस. जाळं पहिल्याच दिवशी मिळालं. पण ते टाकतात कसं हे बघितल्याबिगर तुला माहिती काय देणार? म्हणून थांबलो. टाकलेलं बघितलं तर ओढलेलंही बघावं लागतं. ओढलं की मासा निघतो, आणि मासा निघाल्यावर न जेवता उठणं बरं दिसत नाही. असं करता करता धरणाच्या काठावर मला दाढी फुटली. जाळं आणलंय. वास मारायलाय.

आता कामाचं. तुझ्या ओसरीवर वर्षभर पडलेलं सगळं सामान करोडगिरी नाक्यात पोचलं. निजामाच्या अमलात इथं गाड्या अडवून जकात घ्यायचे म्हणे. जोतं इतकं उंच आहे की खाली उभं राहिलं तर दाराचा उंबरा माझ्या छातीला लागतो. आणि पायऱ्या उभ्या, दगडी, भिंतीला शिडी टेकवावी तशा. तू सांगितल्याप्रमाणे बाजूनं उतार करायची गोष्ट मी ट्रस्टच्या अध्यक्षांच्या, म्हणजे व्यंकटराव मालकांच्या कानावर घातली. किराणा दुकानात गल्ल्यावर बसून सुपारी कातरत होते.

"रायभान, हे संग्रहालय हाय, मोंढा न्हाई. उतार करून पोती चढवायचीत का तुला?"

"सुलाआक्काची तीनचाकी चढवायची हाय, मालक. अर्धं संग्रहालय तर तिनंच जमवलंय."

"मग चार माणसं लावू की! उचलून आणतील पालखीसारखं. पायऱ्यांची शोभा कशाला घालवायची?"

मी म्हणालो, लय भारी. बाहेर येऊन हसलो, कारण हे ऐकून तुझं तोंड कसं होईल ते मला दिसत होतं.

लोकांना विचारत फिरायलोय. काय बघायला आवडेल, आत यायला अडचण काय. धुरपताबाई म्हणाली, "माझं खुरपं मी रोज बघते, ते काचेत बघायला कशाला येऊ?" भीमनगरातल्या पार्वतीबाईनं मात्र सासूचं जातं दिलं. गाडीत चढवताना विचारलं, "दारात कुणी अडवणार न्हाई न्हवं?" मी म्हणालो, "मावशे, हे काय देऊळ हाय का?" शब्द दिलाय तिला.

मावशीला सांग, मी जेवतो वेळेवर.

दाढी काढलेला,
रायभान

•

परभणी,
१२ फेब्रुवारी १९८७

रायभान,

तुझं पत्र आलं, त्यालाही माशांचा वास होता. आई म्हणाली, मेंढरं राखायला नको म्हणून घरातून निघालेला पोरगा आता मासे राखायला लागला.

व्यंकटरावांना माझा निरोप सांग. शब्द बदलू नकोस. सांग की सुला म्हणते, चौघांच्या खांद्यावरून जायची वेळ एकदा येणारच आहे, तेव्हा मी कुरकुर करणार नाही. जिवंतपणी मात्र मी माझ्या चाकांवर येईन.

तुला गंमत वाटते म्हणून नीट लिहिते. मला पोलिओ झाला तेव्हापासून मी प्रत्येक लग्नात, जत्रेत कुणाच्या तरी काखेत गेले. उचलणारा माणूस चांगलाच असतो रे. पण तो ठेवेल तिथं बसायचं, तो म्हणेल तेव्हा उठायचं. या संग्रहालयातल्या प्रत्येक वस्तूची चिठ्ठी मी माझ्या हातानं लिहिली, म्हाताऱ्यांना वाचता यावी म्हणून मोठ्या अक्षरात. त्या चिठ्ठ्या भिंतीवर लागलेल्या मला बघायच्यात, माझ्या मनानं थांबत, हवं तर एकाच कोपऱ्यात तासभर. एवढंच पाहिजे. उतार झाला नाही तर पाडव्याच्या उद्घाटनाला मी नाही.

ते नाही म्हणत असतील तर निदान पायऱ्यांच्या कडांना भडक रंगाचा पट्टा ओढ. मोतीबिंदूवाल्यांना एक पायरी कुठं संपते अन् दुसरी कुठं लागते ते कळत नाही, तोंडावर पडतात. आणि जातं खाली ठेव, काचेबाहेर. ज्यांना दिसत नाही ते हातानं बघतील.

जाळं बाहेर वाळत घाल. आतल्या कापडांना तो वास लागला तर मी तुलाच काचेत ठेवीन.

सुला

•

ताडकळस,
२४ फेब्रुवारी १९८७

सुलाआक्का,

पट्टे ओढले. लगेच ओढले, या वेळी कुठं गेलो नाही. (एकदा फक्त कुस्त्या बघायला गेलो होतो, पण त्या वाटेतच होत्या.)

निरोप सांगितला. मालक सुपारी चघळायचे थांबले, मग म्हणाले, "लय बोलते तुझी बहीण." उतार नाहीच म्हणाले. मग मी रंगाचा डबा मागितला. "रंगाबिंगाला काय मिळणार न्हाई. माझ्या दुकानात जे भडक दिसंल ते घे, अन् माझं डोकं खाऊ नको."

दुकानात भडक अशा तीन गोष्टी होत्या. हळद कोंबड्यांनी टोचली असती. गुलाल वाऱ्यानं उडाला असता. राहिला शेंदूर. तेलात कालवला की मारुतीच्या अंगावर ऊन-पाऊस सोसून वर्षानुवर्षं टिकतो, मग पायरीवर का टिकणार नाही? मी प्रत्येक पायरीच्या कडेला चांगला चार बोटं रुंद थर दिला. लांबून असा उठून दिसतो की एसटीचा ड्रायव्हरसुद्धा मान वळवून बघायला लागला.

सकाळी धुरपताबाई शेणाची पाटी घेऊन चालली होती. थांबली. पाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले अन् जोडले.

"कवा बसवला?"

"काय?"

"देव."

"मावशी, हा रंग हाय."

"तुला रंग दिसायलाय, ते तुझं नशीब," असं म्हणून गेली. दुपारपर्यंत पहिल्या पायरीवर हळद-कुंकू आलं. बाजाराच्या दिवशी नारळ फुटले. आता मोटारसायकलवाले रस्त्यात गाडी थांबवून, बूट काढून, पाया पडून पुढं जातात. कुणी म्हणतं मरीआई आहे, कुणी म्हणतं नाक्याचा म्हसोबा जागा झाला. आक्का, आपल्या संग्रहालयाला एवढी गर्दी आहे की काय सांगू!

अडचण एकच, बारीकशी. आत कुणी येईना. शेंदरावर पाय कोण ठेवणार? मी एकदा सवयीनं ठेवायला गेलो तर चार बायांनी असं बघितलं की पाय हवेतच राहिला. तेव्हापासून मी खुद्द मागच्या खिडकीतून आत-बाहेर करायलोय.

पण तुझं काम मात्र झालं. पायरीची कड आता साऱ्या म्हाताऱ्यांना चांगली दिसायलीय. एकसुद्धा पडला नाही.

खिडकीतून,
रायभान

•

परभणी,
२ मार्च १९८७

रायभान,

वाचता वाचता इतकी हसले की चहा कोयत्याच्या चिठ्ठीवर सांडला. दुसरी लिहिली. आईला वाचून दाखवलं तर तिनं हसायच्या आधी कपाळाला हात लावून नमस्कार केला.

मग रात्री झोप लागली नाही. पार्वतीबाईकडे गेलास का?

तू तिला काय बोलला होतास ते आठव. हे काय देऊळ आहे का, असं म्हणून जातं आणलंस. आता झालं ना देऊळ. देव आला की देवळाची रीत त्याच्या मागोमाग येते, कुणी कुठपर्यंत यायचं ती. विद्यापीठाच्या नावावरून आपल्याकडे गावोगाव काय झालं ते तिनं बघितलंय. घरं जळालेली बघितलीत. माझ्यापुढं फक्त पायऱ्या आहेत रे. तिच्यापुढं त्या पायऱ्यांवर उभं राहणारं सगळं गाव आहे. मला आत घ्यायचं म्हणून तिचं दार लागणार असेल तर मला ते संग्रहालय नको.

आधी तिच्याकडे जा. चहा देईल तो पी, अन् ऐकून घे. नंतर मला खरं सांग, ही चूक होती की लबाडी? निम्म्या आयुष्यभर मेंढरांच्या पाठीवर खुणेचे रंग ओढलेल्या पोराला शेंदूर कुठं लावतात ते माहीत नव्हतं?

सुला

•

ताडकळस,
१५ मार्च १९८७

आक्का,

उशीर झाला. मोर्च्यामुळं दोन दिवस एसट्या बंद होत्या. बाकीचे दिवस मी गप्प बसलो होतो. मी गप्प बसलेला तू कधी बघितला नाहीस, म्हणून तुला पटणार नाही.

पार्वतीबाईकडे गेलो. ओट्यावर लसूण सोलत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ऐकलं बाबा, देव आला तुमच्याकडं." मी म्हणालो, "मावशे, चुकलं."

"आमी देव सोडून वरसं झाली. आता तुझ्या पायऱ्यांच्या पाया पडू का? अन् न पडता सरळ वर चढले, तर मला काय होणार न्हाई. गावाला होईल. मग गाव माझ्याकडं यील." लसणाचं टरफल फुंकलं. "सासूचं जातं हाय ते. त्याला भेटायला मी कुणाच्या देवाला इचारत बसू?"

चहा दिला. प्यायलो. गोड होता.

तू विचारतेस चूक की लबाडी. लावताना निम्मी चूक होती. दुसऱ्या दिवशी हात जोडलेले बघून मी शेंदूर पुसला नाही, ती निम्मी लबाडी. मला वाटलं, आता मालक कसे वर चढतात ते बघू.

आता पुढचं ऐक. पार्वतीबाईकडून मी सरळ मालकांकडं गेलो अन् म्हणालो, खरवडून टाका. मालक आधीच तापले होते, उद्घाटनाच्या पत्रिका छापून आल्या होत्या. त्यांनी मुंजाजी गवंड्याला बोलावलं. मुंजाजीनं पायऱ्यांकडं बघितलं, मग मालकांकडं.

"मालक, विहीर बुजवायची सांगा, बुजवतो. भिंत पाडायची सांगा, पाडतो. इथं मातर पयला हात तुमचा."

"माझा कशापायी?"

"तुमच्या दुकानातला शेंदूर हाय, तुमचं ऐकंल."

मालकांनी पटाशी घेतली. वाकले. तेवढ्यात मागून आवाज आला, "व्यंक्या! ठेव ते खाली!"

चतुराबाई. मालकांच्या आई. त्यांनी ज्या पाळण्यात पोरांना जोजवलं तो पाळणा संग्रहालयात गेलाय, तो बघायला घरातून निघून आल्या होत्या. मालक सरळ उभे राहिले, पटाशी पाठीमागं.

"आई, हा नुसता रंग हाय. चल, हात धर, वर नेतो."

"आईला शेंदरावर पाय ठेवायला सांगतोस?"

"बरं, मग खुर्चीत बस. चार माणसं उचलून—"

"चार माणसं? मी मेले का रे?"

आक्का, तुझं पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही, मेंढरांची शपथ. त्यांना वाचताच येत नाही.

मालकांनी पटाशी मुंजाजीच्या हातात दिली. मग जणू कालच ठरवलं होतं अशा थाटात म्हणाले, "मुंजाजी, पायऱ्या असू दे. बाजूनं मुरूम टाका. ठोकून उतार करा. मी तर पयल्यापासून म्हणायलोय."

उतार झाला. पण मुंजाजीनं जागा वाचवायला असा उभा केला की शेळी चढावी. मी हातगाडीवर दोन पोती टाकून ढकलून बघितली. अर्ध्यात गेली, थांबली, जरा विचार केला, अन् मला घेऊन मागं आली. खाली नारळवाली दुकान मांडून बसते. तिच्या शिव्या मी पत्रात लिहू शकत नाही.

रायभान

•

परभणी,
२० मार्च १९८७

रायभान,

खरं सांगितलंस, बरं वाटलं. पार्वतीबाईला तोच शब्द पुन्हा द्यायचा आहे, आणि तो उतारानं द्यायचा. म्हणून नीट वाच.

उतार लांब कर. चढ इतका कमी हवा की भरली घागर डोक्यावर घेऊन बाई बोलत बोलत वर जाईल. जागा पुरत नसेल तर पुढच्या लिंबाला वळसा घाल. मध्ये एक सपाट टप्पा ठेव, दम खायला. एका बाजूला बांबूचा कठडा. उंबऱ्याला दोन्हीकडून फळी लाव, चाक तिथंच अडतं, हे पायानं चालणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. आणि "अपंगांसाठी" असली पाटी लावलीस तर बघ. सगळ्यांना तीच वाट. अध्यक्षांनाही. पायऱ्या देवाला सोडून द्या, त्याला चढायची काही अडचण नाही.

हे सगळं होईल असं तू लिहिशील. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण तू जाळं आणायला गेलास अन् दाढी घेऊन आलास. म्हणून मी पाडव्याला येत नाही. देवगाव फाट्याला नर्मदावहिनीच्या नातवाचं बारसं आहे, तिकडं जाईन. खरं कारण तुला सांगते, दुसऱ्या कुणाला बोलू नकोस. अर्ध्या उतारावर माझी गाडी मागं यायला लागली तर सगळं गाव धावेल. उचलतील, वर नेऊन ठेवतील अन् टाळ्या वाजवतील. त्या टाळ्या मला सोसायच्या नाहीत.

बारशाला पेढे असतात.

सुला

•

ताडकळस,
२८ मार्च १९८७

सुलाआक्का,

परवा पाडवा. हे पत्र तुला बारसं झाल्यावर मिळेल, तरी लिहितो. दारात मांडी घालून बसलोय, कागद मांडीवर. मुंजाजी खाली कठड्याच्या शेवटच्या दोऱ्या आवळायलाय.

उतार झाला बघ. लिंबाला वळसा घालून, सावलीसावलीनं. मुंजाजीनं दोनदा शिव्या घातल्या अन् तिसऱ्यांदा केला. घागरीची परीक्षा धुरपताबाईनं घेतली. बोलत बोलत वर आली, वर पोचली तरी बोलणं संपलं नव्हतं. मालक येईल त्याला उतार दाखवून "माझी कल्पना" म्हणायलेत. म्हणू दे. त्यांच्या आई पाळण्यापाशी रोज दुपारी येऊन बसतात, अन् मालक लहानपणी त्यात काय काय करायचे ते आल्यागेल्याला सांगतात. मालकांना पायऱ्यांची शोभा आता बिलकुल आठवत नाही.

काल पार्वतीबाई आली. लिंबाखाली उभी राहून लय वेळ बघत होती. पायऱ्यांपाशी नारळ फुटत होते, उतारावर पोरं-बाया चढत-उतरत होत्या, कोण कुणाचं ते कुणी विचारत नव्हतं. ती निघाली. मध्यावर समोरून चतुराबाई उतरत आल्या. दोघी थांबल्या. चतुराबाई म्हणाल्या, "कठड्याकडून मी चालते बाई, माझं गुडघं धड न्हाई. तू तिकडून जा." पार्वतीबाई म्हणाली, "सावकाश उतरा." संपलं. दोघी गेल्या. मी उगाच श्वास धरून बसलो होतो.

आत येऊन तिनं जात्यावर हात फिरवला. "कोरडंच ठेवलंय व्हय? दाणे कुठायत?" पळत जाऊन ज्वारी आणली. तिनं बसून दळलं. दोन पोरींनी विचारलं, आम्ही फिरवू का. आता खाली पीठच पीठ झालंय. तू रागावणार, पण मी झाडलं नाही.

तू असतीस तर

थांब. लिंबाखाली टेम्पो थांबलाय. मेंढरांचा आहे, म्हणून मी उठलो नाही, मला वाटलं आपल्या येडबाकाकाचा. मागची फळी पडली. मेंढरांतून एक चाक निघालं. मग दुसरं.

आक्का, तू बारशाला जाणार होतीस ना?

मी उठत नाही. लिहीतच बसतो. उठलो तर धावेन, अन् धावलो तर तू मला जन्मभर तोंड दाखवू देणार नाहीस. म्हणून हातातलं पेन चालू, अन् मी असाच बसलेला. तू टेम्पोवाल्याला काहीतरी म्हणालीस, तो मागं सरला. तू उताराला लागलीस. पदर खोचलाय. दोन्ही हात चालायलेत. सगळं गाव बाजारात आहे, इथं आम्ही तिघंचौघंच, हे तू हिशोबानंच केलंयस, लबाड. लिंबाचा वळसा घेतलास. सपाट टप्प्यावर थांबलीस. घाम पुसलास. आता पुढचा चढ.

चाक मागं सरकलं. बोटभर. मुंजाजी उठला.

"बस खाली!" असं तू ओरडलीस की मुंजाजी बसला, टेम्पोवाला पण बसला, अन् पायरीवर नारळ घेऊन उभी असलेली एक अनोळखी बाईसुद्धा बसली.

तू हात बदललास. दात आवळलेत. चाक फिरलं. आणखी. कठड्याला हात लावला नाहीस. वर आलीस. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. नारळवालीनं वाजवायला हात उचलले होते, मी डोळे वटारले.

आता तू माझ्यापुढं आहेस, हातभर अंतरावर. धापा टाकायलीस. मी मान वर करत नाही, लिहितोय. तुझ्या चाकाची धूळ कागदावर आली. तू म्हणायलीस,

"रायभ्या, दारातून ऊठ. वाट अडवून बसलायस."

सरकतो.